शंभरातले मधाळ किती

लुसिकिसिकी, ७ मार्च २०२१

सिसी झुकिस्वा,

सगळं बदललं ते मंगळवारी, दोन मार्चला, दुपारी सव्वा वाजता, उम्थाथाच्या टॅक्सी स्टँडवर. खुसेलवाने माझ्या हातातल्या पिशवीतून कोंबडीचा एक पाय घेतला, सावकाश खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाली, ‘‘मला आयर्लंडला नर्सची नोकरी लागली. चोवीस मेला विमान आहे. भायीहून.’’ म्हणजे तुझ्या पोर्ट एलिझाबेथहून. मी विचारलं, मग माझं काय? ती म्हणाली, ‘‘तुझी दोन वाजता परीक्षा आहे ना?’’

परीक्षेला गेलो नाही. पुलावर जाऊन फोन नदीत टाकला. फोनने काही केलं नव्हतं, पण हातात तोच होता. मग कॉलेजच्या खोलीतून पेटी उचलली आणि घरी आलो.

बाबा अंगणात बसले होते. म्हणाले, ‘‘संपलं का कॉलेज?’’

‘‘हो.’’

‘‘सगळं?’’

‘‘माझ्यापुरतं.’’

‘‘बरं. बकऱ्या आत घे.’’

एवढंच. थोरली बहीण आहेस, तू मला शिव्या देशील, त्या एकाच पत्रात दे.

आता कामाचं. बाबा झोपत नाहीत. खाणीतून आणलेली पाठ आहेच, पण जानेवारीतल्या आजारानंतर पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसतात. गोठ्यामागे गांजाची तीन झाडं आहेत. कोर्टाने परवानगी दिल्यापासून मक्यात लपवावी लागत नाहीत, उघड्यावर उभी आहेत. दुधात उकळून घेतला की त्यांना झोप लागायची. पण कधी कापायचा हे त्यांना नाक सांगायचं, आणि आजारात नाकच गेलं. चाळीस वर्षं ज्या माणसाने नुसत्या वासावर झाड कापलं, तो परवा रॉकेलच्या डब्यातून पाणी प्यायला निघाला होता.

तुझ्याकडे तो खिशातला मायक्रोस्कोप आहे ना? तो पाठव. पत्र दुमिलेच्या बसने पाठवतोय. तुझ्या शहराचं नाव गेल्या महिन्यात बदललं, पण त्याच्या बसवर अजून जुनंच आहे.

वुयिसा

*

पोर्ट एलिझाबेथ, १९ मार्च

वुयिसा,

मूर्खा. गाढवा. दोन वर्षांची फी बाबांनी कशी भरली ते तुला माहीत आहे. झाल्या शिव्या.

मायक्रोस्कोप पाठवतेय, मोज्यात गुंडाळून. पेटीत एक काळा कागद आणि तीन रंगीत पेन्सिली आहेत. इथे माझ्या शेजारी काम करणारा एक जण गॅलरीत एक झाड लावतो, त्याला विचारून लिहितेय.

तुऱ्याच्या फुगीर पोटाचा तांदळाएवढा तुकडा काप. काळ्या कागदावर ठेव, दिवसाच्या उजेडात बघ. टाचण्या खोचल्यासारखं दिसेल, प्रत्येकीला गोल डोकं. काही डोकी काचेसारखी, काही दुधी, काही मधाच्या रंगाची. अशी शंभर मोज. काचेची असताना कापलं तर छातीत घोडे पळतात. मधाळ वाढली की अंग जड होतं, झोप येते. बाबांसाठी शंभरात तीस तरी मधाळ हवीत. पानावर बघू नकोस, पान आधी पिकतं आणि फसवतं.

आणि जे दिसेल ते वर्तुळात काढून मला पाठव. मी दिवसभर काचेवरच्या रक्तातल्या पेशी मोजते, तुझ्या टाचण्याही मोजीन.

बाबांची पाठ शेकत जा.

झुकिस्वा

*

लुसिकिसिकी, ११ एप्रिल

सिसी,

मायक्रोस्कोप मिळाला. मोजा बाबांनी घेतला.

मी अंगणात पोटावर पडून बघत होतो, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. ‘‘काय म्हणतंय झाड? फी मागतंय का?’’ मी म्हटलं, तुम्ही बघा तरी. म्हणाले, ‘‘ज्याचं नाक मेलं त्याने नळकांडं डोळ्याला लावून हिंडायचं, एवढंच राहिलं होतं.’’ आणि काठी आपटत गेले. जाताना कुंपणापाशी थांबून तुरा चुरगळला, नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मग हात पँटला पुसला.

वर्तुळ सोबत आहे. मधाळ बेचाळीस! म्हणजे झालंच की. पाच मेच्या आत कापतो, पंधरा दिवस सुकवतो (ते मलाच करायला हवं, बुरशीचा वास बाबांना येणार नाही), आणि बावीसला भायीला येतो. चोवीसला विमान आहे, हे तुला लिहिलं होतं.

खुसेलवा आता आईकडे भायीलाच आहे. तुझ्याकडे येते का? कशी दिसते? माझं काही विचारते का? एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर तिसऱ्याचं दे.

वुयिसा

*

पोर्ट एलिझाबेथ, २० एप्रिल

वुयिसा,

हे पान आहे. कडेला दाते दिसतायत, तूच काढलेत. पान बघू नको असं लिहिलं होतं, तरी पानच बघितलंस, कारण त्याच्यावर तुला हवा तो रंग होता. पुन्हा बघ. तुऱ्याचं पोट. तिन्ही झाडांची वेगवेगळी मोजणी.

खुसेलवा बरी आहे.

घाई करू नकोस. आपल्याकडची झाडं उंच वाढतात आणि उशिरा पिकतात, बाबा जूनमध्येच कापायचे. आठवतंय ना?

झुकिस्वा

*

लुसिकिसिकी, १ मे

सिसी,

तीन प्रश्न विचारले, दोन शब्दांत उत्तर दिलंस. ‘बरी आहे.’ बरी तर आपली गायही आहे.

मोजणी केली. तुऱ्याच्या पोटावर, दिवसाउजेडी, काळ्या कागदावर. काचेची, दुधी, मधाळ, या क्रमाने:

पहिलं झाड ९, ६०, ३१. दुसरं १०, ६०, ३०. तिसरं, जे गोठ्याच्या सावलीत आहे, ९, ६१, ३०.

वर्तुळं सोबत. तीस हवी होती, तीस आहेत. सोमवारी कापतो.

वुयिसा

*

पोर्ट एलिझाबेथ, ८ मे

वुयिसा,

दुमिलेची बस दोन दिवस बंद पडली होती, तुझं पत्र आज हातात आलं. सोमवार होऊन गेला. तरीही लिहिते.

हे आकडे तू बसून बनवलेस.

उन्हातलं झाड आणि सावलीतलं झाड एकाच दिवशी इतकं सारखं पिकत नाही. एकाच झाडाचे दोन तुकडे बघितले तरी मोजणी पाच-दहाने हलते. आणि तुझी वर्तुळं फार स्वच्छ आहेत. सगळी डोकी एका मापाची, एकही मोडकं नाही, एकावर एक चढलेलं नाही, धुळीचा कण नाही, किड्याचा पाय नाही. खऱ्या वर्तुळात कचरा असतो.

हे मला कसं कळतं ते विचारशील. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा संध्याकाळी साडेचारला रक्ताच्या तीन काचा तपासायच्या उरल्या होत्या. शेवटची बस पाचची. दोन बघितल्या. तिसरी न बघता आकडे लिहिले, आधीच्या दोन्हींच्या मधले, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. कुणाला आली नाही. ज्याचं ते रक्त होतं त्या माणसाचं पुढे काय झालं ते मी शोधलं नाही. त्याचं नाव मला पाठ आहे, शोधायला पाच मिनिटं लागतील. सहा वर्षं झाली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आपल्या आईलाही नव्हतं सांगितलं.

कापलं नसशील तर कापू नकोस. कापलं असशील तर बाबांना देऊ नकोस.

झुकिस्वा

*

लुसिकिसिकी, १६ मे

सिसी,

तुझं पत्र चौदाला मिळालं. मी तीनलाच एक झाड कापलं होतं. उन्हातलं.

खरी मोजणी होती काचेची पंचेचाळीस, दुधी बावन्न, मधाळ तीन. तुला लिहिलेले आकडे मी आधी पेन्सिलीने लिहिले, मग पेनने गिरवले. तू म्हणतेस तसं, बसून.

बाकीची दोन कापायला विळा घेतला होता, पण बाबा म्हणाले, ‘‘एक बघू आधी.’’ नऊ दिवस छपराखाली टांगलं, सुकतंय न सुकतंय तोच बारा तारखेला मूठभर दुधात उकळून दिलं. त्यांनी विचारलं, ‘‘नळकांडं काय म्हणालं?’’ मी म्हटलं, तयार आहे. ते म्हणाले, ‘‘मग असेल.’’ आणि प्याले.

तासाभराने उठून बसले. माझा हात घेऊन छातीवर ठेवला. तू लिहिलेले घोडे होते. म्हणाले, ‘‘दार उघड, पिंजरा खाली चाललाय.’’ मी म्हटलं, बाबा, आपण घरी आहोत, खाणीत उतरत नाही. म्हणाले, ‘‘मला माहीत आहे घरी आहोत. दार उघड.’’ दार उघडलं. ते उंबऱ्यावर बसले, मी शेजारी, मनगट धरून. उजाडेपर्यंत नाडी मोजली. ते आकडे खरे आहेत, पण लिहीत नाही.

सकाळी म्हणाले, ‘‘नळकांड्याची चूक झाली.’’ मी म्हटलं, नळकांड्याची नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘बकऱ्या सोड.’’

दोन झाडं उभी आहेत. ती पिकेपर्यंत मी इथे आहे. चोवीसला येत नाही. खुसेलवाला सांग. काय सांगायचं ते तू ठरव, मला वाक्य सुचत नाही.

वुयिसा

*

पोर्ट एलिझाबेथ, २४ मे

वुयिसा,

आज चोवीस तारीख. खुसेलवा इथेच आहे. आता माझ्याकडे चहा पिऊन गेली.

तिच्या परवान्याचा एक कागद अडकला, विमान सत्तावीस जूनला आहे. हे तिने मला चौदा एप्रिलला सांगितलं. म्हणाली, ‘‘सिसी, त्याला कळवू नका. तो येईल, तमाशा करेल, मी रडेन आणि कदाचित जाणारच नाही. चोवीस तारीख जाऊ दे, मग तो शांत होईल.’’ मी कबूल केलं. मलाही वाटलं, तारीख टळली की तू थंड होशील आणि कॉलेजात परत जाशील. तू मला तारीख लिहीत होतास, घाई करत होतास, आणि मी तुला घाई करू नकोस म्हणत होते. खरी तारीख माझ्या टेबलाच्या खणात होती.

मी ती एक ओळ लिहिली असती तर तू आकडे बनवले नसतेस. बाबा उंबऱ्यावर बसले नसते. मी तुला काचेची गोष्ट सांगितली, ही नाही सांगितली. सहा वर्षं जुनी चूक सांगणं सोपं असतं, असं दिसतं.

आता कळवलंय. सत्तावीस जून, रविवार, दुपारी एक. पुढचं तुझं तू बघ.

झुकिस्वा

*

लुसिकिसिकी, ३० मे

सिसी,

तुझं पत्र चुलीत घातलं. मग अर्धं बाहेर काढलं, कारण तारीख पुन्हा बघायची होती. सत्तावीसच आहे.

आजची मोजणी. दुसरं झाड: काचेची १४, दुधी ७५, मधाळ ११. सावलीतलं: २७, ७०, ३. एक डोकं मोडकं होतं, कुठल्या खात्यात घालायचं कळलं नाही, दुधीत घातलं. एका वर्तुळात किडा आहे, तो काढलाय.

वुयिसा

*

लुसिकिसिकी, २० जून

सिसी,

दहा तारखेला बाबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

मी मोजत होतो. ते म्हणाले, ‘‘सरक, उजेड अडवतोस,’’ आणि स्वतःच पोटावर पडले. पाठीमुळे त्यांना पडायलाच पाच मिनिटं लागली. मग कितीतरी वेळ डोळा काचेवरून हलवला नाही. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, ‘‘अरे, हे तर दव आहे.’’ मी म्हटलं, रंग बघा. म्हणाले, ‘‘गप. मोजतोय.’’ बोटं घडी करत मोजलं, दोनदा चुकले, मला शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा पूर्ण केलं. चौतीस मधाळ. मी मोजली ती एकोणतीस. ते म्हणाले, ‘‘तुझं शिक्षण अर्धवट आहे.’’

दुसरं झाड त्याच दिवशी कापलं. त्यांनी विळा चालवला, मी धरलं. सावलीतलं अजून उभं आहे, तेही रोज बाबाच बघतात. मला नळकांडं मागून घ्यावं लागतं.

तुरे छपराखाली टांगलेत. या दिवसांत समुद्राचं धुकं वर येतं, म्हणून रोज दोनदा वास घ्यावा लागतो. बुरशी धरली तर सगळं फेकायचं.

त्यांना तारीख माहीत आहे. तुझा जळका कागद त्यांनी चुलीपाशी वाचला असावा. शुक्रवारी जेवताना म्हणाले, ‘‘माझं नाक आलं.’’

‘‘कधी?’’

‘‘काल. अचानक. तुरे हुंगले. मस्त वास आहे, मिरीसारखा. आता मी बघतो सुकवायचं. तुला कुठे जायचं असेल तर जा.’’

मला आनंद झाला, सिसी. खोटं कशाला सांगू, उठून पेटीवरची धूळही झटकली. मग सकाळी पावाच्या फडक्यात पाव ठेवला नाही, कपड्याच्या साबणाची वडी ठेवली, आणि फडकं त्यांच्या नाकापुढे धरलं. म्हटलं, ताजा आणलाय, बघा वास.

त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. ‘‘वा! नोमसाच्या दुकानातला ना? भट्टीतून आत्ताच काढलेला.’’

मी म्हटलं, हो.

फडकं घेऊन बाहेर गेलो. साबण धुण्याच्या दगडावर ठेवला.

हे पत्र आजच्या बसने जाईल, दुमिलेची पुढची बस गुरुवारी सुटते. हॉर्न वाजवून मला कुळाच्या नावाने हाका मारतोच तो, ‘‘काय न्याउझा, या खेपेला पत्र की माणूस?’’ त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

वुयिसा

*

पोर्ट एलिझाबेथ, २८ जून

वुयिसा,

गुरुवारी बसमधून फक्त मक्याचं पोतं उतरलं. शनिवारपर्यंत वाट बघितली, मग समजले.

काल मी विमानतळावर गेले होते. खुसेलवाची आई, दोन मावश्या, सगळे रडत होते, ती सोडून. आत जायच्या आधी तिने मला बाजूला घेतलं.

‘‘सिसी, त्याला तारीख कळली होती?’’

मी खोटं बोलणार होते. तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, ‘‘हो. मी लिहिलं.’’

‘‘कधी?’’

‘‘महिना झाला.’’

‘‘आणि तो आला नाही.’’

‘‘नाही.’’

ती दाराकडे बघत होती, वुयिसा. बाहेरच्या, टॅक्सी थांबतात त्या. मग म्हणाली, ‘‘चांगलं झालं. शांत झाला म्हणजे.’’ आणि बॅगेचं चाक अडकलं होतं, त्याला लाथ मारली. दोनदा मारली. मग आत गेली.

तू का आला नाहीस हे तिला सांगू का, असं मनात आलं. पण साबणाची गोष्ट सांगायला वेळ नव्हता, आणि सांगितली असती तर ती गेली नसती असं मला वाटतं. तुला हे कळायला हवं म्हणून लिहितेय. या खेपेला काही खणात ठेवलं नाही.

झुकिस्वा

*

लुसिकिसिकी, ४ जुलै

सिसी,

तिने चाकाला दोनदा लाथ मारली हे लिहिलंस ते बरं केलंस. ते मी पाच-सहा वेळा वाचलं. शांत झालो असं तिला वाटलं, तेही बरं. तिकडे थंडी असते म्हणतात, एवढं एक तरी हलकं सामान असू दे.

सत्तावीसला दुपारी एक वाजता मी तुरे बरणीत भरत होतो. रोज तासभर झाकण उघडायचं, वास घ्यायचा, पुन्हा लावायचं. वास चांगला होता. मिरीसारखाच, बाबांनी अंदाजाने सांगितला होता तसा.

त्यांना मी सांगितलं नाही की मला माहीत आहे. एकदाच म्हणाले, ‘‘गेला का नाहीस?’’ मी म्हटलं, ‘‘तुमचं नाक आलं हो, पण हात थरथरतात. झाकण कोण लावणार?’’ त्यांनी हातांकडे बघितलं. म्हणाले, ‘‘हां. हात थरथरतात.’’ त्यांचे हात अजिबात थरथरत नाहीत.

गुरुवारी पहिल्यांदा दिलं. अर्धा कप दूध, चिमूटभर. त्यांनी कप हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘‘तुम्हीच मोजलंत.’’ मग प्याले. मी मनगट धरून बसलो. नाडी बहात्तर, सत्तर, सहासष्ट. हे आकडे लिहितो. मग त्यांनी हात सोडवून घेतला, कूस बदलली आणि झोपले. नऊ ते पाच. शुक्रवारी नऊ ते साडेपाच. काल आणखी अर्धा तास.

आज जेवून दुपारीही आडवे झालेत, काही न पिता. घोरतायत. भिंतीला टेकून नाही, चक्क पाठीवर.

मी काही झोपत नाही. ते त्यांच्या लक्षात आलंय. काल कप पुढे केला, ‘‘घे थोडं, उरलंय.’’ मी नको म्हटलं. ते त्यांच्यासाठी मोजलेलं आहे. माझ्यासाठी किती मधाळ लागतील ते मला माहीत नाही, आणि अंदाजाने आता काही करायचं नाही असं ठरवलंय.

आत्ता त्यांनी कूस बदलली. कागदाची कुरकुर त्यांना ऐकू जाते, आणि मी फार जोरात लिहितो असं ते म्हणतात. दुमिलेही रस्त्यावर येऊन थांबेल, त्याने हॉर्नला हात लावायच्या आत खाली पोचायला हवं. पाकीट चिकटवतो. चपला हातात घेतल्यात. बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.

वुयिसा